कंडेन्सेटमधली साखर

आमच्या घरात साखरेचे दोन हिशोब चालतात. एक कारखान्यातल्या साखरेचा आणि दुसरा अप्पांच्या रक्तातल्या साखरेचा. अप्पा म्हणजे माझे वडील. आमच्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ते सव्वीस वर्षे केमिस्ट आहेत. रस, पाक, मोलॅसिस, साखर, कारखान्यात जे जे वाहतं त्याचा नमुना त्यांच्या टेबलावर येतो. ब्रिक्स, पोल, प्युरिटी हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. पहिल्या हिशोबात अप्पांचा हात धरणारा कोणी नाही. दुसऱ्या हिशोबाबद्दल मात्र नऊ वर्षे ते एकच वाक्य बोलत आले, "कंट्रोलमध्ये आहे."

अंकासाठी संपादक मित्राने मला 'रोबोटिक्सवर काहीतरी लिही' असं सांगितलं होतं. रोबोटिक्सवर लिहिणारे आपल्या कॉलेजात पुष्कळ आहेत. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी. मोजणं आणि मोजलेलं वाचणं हे माझं शिक्षण. आणि माझ्याच घरातलं एक रीडिंग मला वाचता आलं नाही. तेव्हा त्याच्यावरच लिहितो.

गोष्ट गेल्या नोव्हेंबरची. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. कारखाना पेटला की अप्पा घरी फक्त झोपायला येतात. इकडे होस्टेलवर सबमिशनचा आठवडा. आमच्या रूममध्ये चार जण मिळून एका जर्नलवरून चार जर्नल्स उतरवत बसलो होतो. रात्री साडेदहाला आईचा फोन आला. आई एवढ्या उशिरा कधी फोन करत नाही.

"अरे, ह्यांच्या पायाला फोड आलेत. मोठाले! आणि ह्यांना पत्ताच नाही!"

झालं होतं ते असं. शिफ्टवरून आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसायची अप्पांची जुनी सवय. त्या दिवशी पाणी जरा जास्तच कडकडीत होतं. आईने बादली उचलताना चुकून पाण्यात बोटं घातली आणि चटकन मागे घेतली. अप्पा मात्र त्याच पाण्यात पाय बुडवून, शांतपणे पेपर वाचत बसले होते.

"दुखत नाही काही! उगीच त्याला कशाला फोन?" अप्पा मागून ओरडले.

दुखत नाही हे ऐकून मला बरं वाटलं. खरं तर तीच सगळ्यात वाईट बातमी होती, पण हे कळायला मला अजून दहा दिवस लागायचे होते. मी "बर्नॉल लावा" असं सांगून फोन ठेवला आणि पुन्हा जर्नलला लागलो.

चार दिवसांत फोड फुटले, अंगठा सुजला, पू धरला. मग तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. ड्रेसिंग, अँटिबायोटिक आणि तपासण्या. लॅबवाल्याने एक पॅकेज सुचवलं, अप्पांनी ते घेतलं. रात्री मोबाईलवर रिपोर्टचे फोटो आले आणि खाली अप्पांचा मेसेज, "बघ रे जरा. इंजिनियर आहेस."

पाच आकडे महत्त्वाचे होते. उपाशीपोटी साखर १३८. एचबीएवनसी ८.६ टक्के. क्रिएटिनिन ०.९. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी १४. आणि अगदी शेवटच्या पानावर, लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ९२.

दुसऱ्या दिवशी माझी ओरल होती. त्या रात्री मी जो अभ्यास केला त्यातला एकही प्रश्न ओरलला आला नाही.

पहिल्यांदा एचबीएवनसी. हा आकडा मला लगेच कळला, कारण तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तपासणीच्या दोन दिवस आधी अप्पा भात सोडतात, चहात साखर घालत नाहीत, आणि उपाशीपोटीची साखर बऱ्यापैकी येते. हे आपल्या सबमिशनसारखंच! शेवटच्या दोन रात्रींत फाईल पूर्ण. पण एचबीएवनसी म्हणजे मस्टर. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात जेवढी साखर फिरते, त्या प्रमाणात ती हिमोग्लोबिनला कायमची चिकटत जाते. म्हणजे दोन-तीन महिन्यांची सगळी हजेरी त्यात असते, शेवटच्या महिन्याची जरा जास्त. इराणचे सॅम्युएल रहबर यांना १९६० च्या दशकाच्या शेवटी तेहरानमध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, आणि पुढे त्याची जगभर तपासणी झाली.

साखर प्रोटीनला चिकटते ही क्रिया आपण रोज मेसमध्ये बघतो. चपातीवर जे तांबूस डाग पडतात, त्यांची सुरुवात अशीच होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती सांगितली. तव्यावर ती दोन मिनिटांत होते, शरीरात ३७ अंशांवर सावकाश, वर्षानुवर्षे. नुसत्या हिमोग्लोबिनवर नाही, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरसुद्धा. म्हणजे नळ्या आतून हळूहळू करपत जातात.

एचबीएवनसीवरून सरासरी साखर काढायचं एक साधं समीकरण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. मी कॅल्क्युलेटर काढला. ८.६ गुणिले २८.७, वजा ४६.७. उत्तर २००. नऊ वर्षे "कंट्रोलमध्ये" असलेल्या माणसाच्या रक्तात सरासरी २०० साखर फिरत होती!

पण माझं डोकं फिरवलं ते सीआरपीने. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठे सूज, दाह असला की लिव्हर हे प्रोटीन रक्तात सोडतं. रिपोर्टवर छापलं होतं, १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर हृदयविकाराचा धोका जास्त. अप्पांचं १४! मी बेडवर उठून बसलो. रूम पार्टनरला उठवलं. तो मेकॅनिकलचा. डोळे चोळत म्हणाला, "तीनची लिमिट आणि चौदा आलं? मग बेअरिंग गेलं म्हणायचं." आणि पुन्हा झोपला. मला मात्र झोप येईना.

पहाटेपर्यंत वाचत बसलो आणि एका नव्याच जगात शिरलो. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. मला वाटायचं की पाईपला आतून रंग असतो तसं हे काहीतरी असेल. पण हे अस्तर म्हणजे स्वतःच एक कंट्रोल सिस्टिम आहे. रक्त जोरात वाहू लागलं की त्या घर्षणाचा ताण पेशी ओळखतात, नायट्रिक ऑक्साईड सोडतात आणि वाहिनी सैल होते. सेन्सरही तेच, कंट्रोलरही तेच. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांना याचा सुगावा लागला तो सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करताना. ज्या पट्ट्यांचं आतलं अस्तर तयारी करताना घासून निघालं होतं त्या औषधाने आखडायच्या, आणि अस्तर शाबूत असलेल्या सैल पडायच्या. १९८० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९९८ मध्ये लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांच्याबरोबर नोबेल मिळवलं. गंमत म्हणजे खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन सांगितलं होतं. ज्याच्यापासून त्यांनी डायनामाईट केला, तेच! शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साईडच तयार होतो.

आणि फ्लुईड मेकॅनिक्समध्ये आपण ज्याच्या नावाने रडतो तो पॉइझुई इंजिनियर नव्हता, डॉक्टर होता. बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो हे तो रक्ताभिसरणाच्या ओढीने शोधत होता. त्याचा नियम आठवा. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा. परीक्षेत हे मी चार मार्कांसाठी लिहिलं होतं. त्या रात्री अप्पांच्या पायाचा अंगठा डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा लिहून बघितलं.

मधुमेहात हे अस्तर बिघडलं की ते गप्प बसत नाही. त्याचे तुकडे आणि त्यातला माल रक्तात येतो. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रोटीन अस्तराच्या पेशींत साठवलेलं असतं, पेशी दुखावल्या की ते बाहेर पडतं. ई-सिलेक्टिन, आयकॅम, व्हीकॅम ही पांढऱ्या पेशींना पकडून ठेवणाऱ्या आकड्यांची नावं. अस्तर चिडलं की असे आकडे जास्त उगवतात आणि त्यातले काही तुटून रक्तात तरंगतात. रक्ताच्या नमुन्यात ते मोजता येतात. ही सगळी रक्तवाहिन्यांच्या नुकसानीची खूण सांगणारी मार्कर्स. माझ्यातला इन्स्ट्रुमेंटेशनवाला जागा झाला. ठरवलं, अप्पांच्या ह्या सगळ्या टेस्ट करून घ्यायच्या. खर्च होईल तो होऊ दे.

शनिवारी पहाटेची एस.टी. पकडली आणि थेट दवाखान्यात पोचलो. हातात वही, वहीत मार्कर्सची यादी. अप्पांचं ड्रेसिंग चालू होतं. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीआरपी कधीच्या रक्तातलं?"

"सोमवारच्या."

"सोमवारी अंगठ्यात पू होता. मग चौदा येणार नाही तर काय येणार? अरे, ही तपासणी बारीक दाह मोजायची. घर पेटलेलं असताना उदबत्तीचा धूर मोजतोस का? रिपोर्टच्या खालची ओळ वाच."

खाली बारीक अक्षरात छापलं होतं, आकडा १० च्या वर असल्यास जंतुसंसर्ग शोधावा आणि तो बरा झाल्यावर तपासणी पुन्हा करावी. म्हणजे मॅन्युअल सोबत होतं, मी वाचलंच नव्हतं. सेन्सर बरोबर होता. सिग्नलही खरा होता. तो कशाचा आहे हे मला कळलं नव्हतं.

"आणि तू जी ओळ सोडून दिलीस ना," डॉक्टरांनी शेवटचं पान उलटलं, "मला काळजी हिची आहे."

अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ९२.

"सर, पण क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे. ०.९."

"क्रिएटिनिन वाढायची वाट बघत बसलास तर तोवर किडनीचं निम्मं काम गेलेलं असतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन. ते रक्तातच राहायला पाहिजे. लघवीत हा रेशो ३० च्या आत हवा. ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपायला लागली. अर्थात जंतुसंसर्गात, तापात हासुद्धा थोडा वाढतो. त्यामुळे जखम भरू दे, सहा आठवड्यांनी दोन्ही परत करू. सीआरपी खाली येईल. हा खाली आला नाही, तर मात्र तो खरा."

मग मी माझी यादी पुढे केली. व्हॉन विलेब्रँड, ई-सिलेक्टिन वगैरे. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "अप्पांचा ब्लड ग्रुप कुठला?"

"ओ पॉझिटिव्ह."

"ओ ग्रुपवाल्यांचा व्हॉन विलेब्रँड मुळातच इतरांपेक्षा पंचवीसेक टक्के कमी असतो. ताप आला की वाढतो, व्यायाम केला की वाढतो. आता एका माणसाच्या एका आकड्यावरून काय ठरवायचं? हजार माणसं घेतली तर सरासरीत फरक दिसतो, आजार समजायला ते फार कामाचं आहे. पण मला सांग, आकडा जास्त आला तर मी काय करणार? साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल सांभाळा, पाय जपा. आणि कमी आला तर यातलं काय बंद करणार?"

मी गप्प. आपल्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात, ज्या रीडिंगवर एकही व्हॉल्व हलत नाही ते रीडिंग पॅनलवर कशाला?

मग त्यांनी एक साधा धागा हातात घेतला. अप्पांना डोळे मिटायला सांगितले आणि तो तळपायाला हलकेच टेकवला. "कळलं की सांगा." नायलॉनचा जाड दोरा, दाबला की वाकणारा. अंगठ्याखाली टेकवला, वाकला. अप्पा गप्प. टाचेजवळ टेकवला. अप्पा गप्प. मी अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते डोळे मिटून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे, धागा लागायची वाट बघत होते. तो केव्हाच लागून गेला होता.

नसांनाही रक्त लागतं आणि ते अगदी बारीक वाहिन्यांतून येतं. साखरेने नसा बिघडतात आणि त्या वाहिन्याही. म्हणून पाणी कडकडीत आहे हे पायांनी कळवलंच नाही. "दुखत नाही" याचा अर्थ मला त्या दवाखान्यात कळला.

घरी येताना अप्पा एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना एचबीएवनसी, अस्तर, नायट्रिक ऑक्साईड सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. बघू हंगाम संपल्यावर." आई आत भांडी आपटत होती.

रविवारी सकाळी अप्पांना लॅबमध्ये रजिस्टरवर सह्या करायला जायचं होतं. पायात चप्पल घालता येत नव्हती, म्हणून मी गाडीवरून सोडायला गेलो. ती लॅब मला लहानपणापासून माहीत आहे. पाकाचा तोच गोड, करपट वास. आम्ही बसलो असतानाच एक पोरगा दोन नंबर बॉडीच्या कंडेन्सेटचा नमुना घेऊन आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साखर कारखान्यात रस आटवायला मोठाली भांडी असतात, त्यांना बॉडी म्हणतात. आत शेकडो नळ्या, नळ्यांत रस, बाहेरून वाफ. वाफेचं पाणी होतं ते कंडेन्सेट, आणि ते गरम शुद्ध पाणी बॉयलरला वापरतात. त्यात साखर बिलकुल जाता कामा नये. बॉयलरमध्ये साखरेचं अॅसिड होतं, पाणी फेसाळतं, बॉयलरच्या नळ्या खराब होतात. म्हणून कंडेन्सेट सारखं तपासतात. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकायचे आणि कडेने सावकाश सल्फ्युरिक अॅसिड सोडायचं. साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळी रिंग येते. लहानपणी ही जादू बघायला मी हट्ट करायचो.

अप्पांनी नळी उजेडात धरली. मला काही दिसेना. मग दिसली, केसासारखी बारीक, फिकट जांभळी रिंग.

अप्पांनी फोन उचलला. "दोन नंबरचं कंडेन्सेट बॉयलरला सोडू नका! वळवा. हां, आत्ता. कुठनं येतंय ते नंतर शोधा. नळी गळत असंल, नाहीतर रस वाफेबरोबर उडून येत असंल. आधी पाणी वळवा."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अप्पा, बॉयलर चालू आहे, साखर पडतेय, सगळं नीट चाललंय. एवढ्याशा रिंगवर एवढी धावपळ?"

"आरं, बॉयलर बसल्यावर रिंग बघून काय करायची? लेका, इंजिनियर आहेस का कोण?"

मी खिशातून रिपोर्टचं शेवटचं पान काढलं आणि त्यांच्या टेबलावर, त्या नळीशेजारी ठेवलं.

"अप्पा, अल्ब्युमिन रक्तात असायला पाहिजे. हे दुसऱ्या बाजूच्या पाण्यात आलंय. ३० च्या आत पाहिजे. ९२ आहे."

अप्पांनी चष्मा वर केला, कागद उचलला. मग नळीकडे बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. पोरगा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "म्हणजे रिंग आलीय म्हण की."

"आलीय."

"एकाच बॉडीची?"

हा प्रश्न ऐकून मी चाट पडलो. कारण नेमका हाच प्रश्न डेन्मार्कमधल्या स्टेनो या मधुमेह केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारला होता. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की लघवीत अल्ब्युमिन येणं ही नुसत्या किडनीची तक्रार नाही, शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडाची ती खूण असते. किडनीत ती फक्त मोजायला सोपी सापडते. मी अप्पांना तसं सांगितलं.

"बरोबरच आहे," अप्पा म्हणाले. "रस सगळीकडं तोच."

त्या दिवशी दुपारी अप्पांनी आपण होऊन डॉक्टरांना फोन लावला.

सहा आठवड्यांनी जखम भरली. दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या. सीआरपी १४ वरून १.८ वर आलं. ज्या आकड्यापायी मी रात्रभर जागलो तो आकडा गेला. अल्ब्युमिन रेशो ८४. तो मात्र राहिला. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या बदलल्या, किडनीतला दाब कमी करणारी प्रेशरची गोळी सुरू केली. मार्चमध्ये एचबीएवनसी ७.४ आलं, म्हणजे सरासरी १६६. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात २००० साली दिसून आलं होतं की एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असेल तर बारीक रक्तवाहिन्यांचे आजार ३७ टक्क्यांनी कमी दिसतात. अप्पांना मी हा आकडा सांगितला. म्हणाले, "रिकव्हरी चांगली आहे." रेशो आता ५१ आहे. तीसच्या आत अजून आलेला नाही. पायांची जाणीवही परत आलेली नाही. ती येईल असं कोणी म्हणालेलं नाही. आता रोज रात्री आई आरसा घेऊन अप्पांचे तळवे तपासते, आणि पाण्यात आधी तिचं कोपर बुडतं, मग त्यांचे पाय.

आता थोडं आपल्याबद्दल. निघताना डॉक्टरांनी मलाही सोडलं नाही. मी अंगाने हडकुळा, फक्त पोट जरा पुढे. त्यांनी २००४ सालच्या 'लॅन्सेट'मधल्या एका फोटोची गोष्ट सांगितली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आत चरबी. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी आहे. आणि याच युडकिन यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की निरोगी माणसांतही चरबी, सीआरपी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा बिघाड हे एकमेकांना धरून चालतात. पोटातली चरबी नुसती पडून नसते, ती रक्तात दाहाचे निरोप सोडत असते. अमेरिकेतल्या नर्सेसच्या एका मोठ्या अभ्यासात १९८९-९० मध्ये घेतलेले रक्ताचे नमुने नंतर तपासले. ज्यांना पुढच्या दहा वर्षांत मधुमेह झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत ई-सिलेक्टिन आणि आयकॅम आधीच जास्त होते. म्हणजे ज्या मार्कर्सची यादी मी दवाखान्यातून परत आणली होती, ती अगदीच वाया गेली नाही. अस्तराची तक्रार साखर वाढायच्या आधीच सुरू होऊ शकते, हे त्यांनीच सांगितलं.

परत आल्यावर मी माझी उपाशीपोटी साखर तपासली. १०४. शंभरच्या आत असायला हवी होती. रात्री दोनचा वडापाव आणि दिवसाचे सहा कटिंग यांचा हिशोब मला रिंगसारखा दिसला. हल्ली मी मेसमध्ये चहा बिनसाखरेचा मागतो. मेसवाले मामा म्हणतात, "एवढ्याशा वयात?" मी म्हणतो, मामा, वय झाल्यावर मागून काय उपयोग?

आमच्या होस्टेलचे वॉचमन काका हे सगळं ऐकत असतात. मागच्या महिन्यात त्यांनी रात्री मला गेटवर थांबवलं, खिशातून चार घड्या पडलेला रिपोर्ट काढला. "भाऊ, जरा बघता का? डॉक्टर म्हणाले साखर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे." मी टॉर्च लावून वाचला. त्यात फक्त उपाशीपोटीची साखर होती. एचबीएवनसी नाही, लघवीची तपासणी नाही. मी डॉक्टर नाही, त्यांना काही सांगायचा मला अधिकार नाही. मी फक्त दोन तपासण्यांची नावं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिली आणि म्हणालो, "काका, हे दोन्ही करा आणि कागद डॉक्टरांना दाखवा. आणि पाय रोज बघा."

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणीतरी "कंट्रोलमध्ये" असेल. या सुट्टीत घरी गेलात की त्यांची फाईल उघडा. शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि एकदा त्यांचे मोजे काढायला लावा.

अप्पांचा फोन आता दर रविवारी येतो. हंगाम संपला, कारखाना थंड आहे, त्यांना वेळ आहे. आधी माझ्या अभ्यासाची चौकशी, मग पाऊसपाणी. शेवटी मी विचारतो, "अप्पा, कंडेन्सेट कसं आहे?"

पूर्वी ते म्हणाले असते, कंट्रोलमध्ये आहे. आता म्हणतात, "थांब, आकडा सांगतो."

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन